खेळण्याचे दुसरे घर

काही महिन्यांपूर्वी निपाणीतील एका किराणा दुकानात आम्ही साखर घेण्याकरिता उभे होतो. शेजारी सहावी-सातवीच्या वयाचा एक विद्यार्थी आला. त्याने खिशातील पैसे मोजून काउंटरवरील प्लॅस्टिकचे अंडे मागितले आणि दुकानाच्या पायरीवरच ते उघडले. आतील चॉकलेटचा भाग त्याने बरोबरच्या धाकट्या बहिणीस दिला. खेळणे निघाले ते नीट न पाहताच खिशात टाकले. मग घडी घातलेला एक इवलासा कागद उलगडून, त्यावरील ठिपक्यांचे चौकोनी चिन्ह फाटले तर नाही ना एवढे पाहून तो समाधानाने घराकडे निघाला. आम्हांस राहवले नाही. ''अरे, खाऊ नको, खेळणे नको, मग घेतलेस तरी कशाला?'' असे विचारताच तो म्हणाला, ''काका, हा मोबाईलमध्ये येतोय की!''

या उत्तराचा अर्थ विद्यार्थिमित्रांस तत्काळ कळेल. त्यांच्या पालकांपैकी पुष्कळांस कळणार नाही. म्हणून हा लेख मुलांनी आपल्या घरी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. आम्हीही पालकच आहोत आणि घरातील दोन मुलांकडून जे शिकलो, चुकलो व नंतर वाचून पडताळून पाहिले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

वस्तू जमविण्याचा नाद काही नवा नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीने काड्यापेट्यांवरील छाप जमविले, पोस्टाची तिकिटे जमविली. तंबाखूच्या या गावात विडीच्या कट्ट्यांवरील रंगीत कागद जपून ठेवणारी मुलेही होती. आम्ही गोट्या जमविल्या. आमच्यानंतरच्यांनी चिप्सच्या पुडीतून निघणाऱ्या टॅझो नावाच्या चकत्या जमविल्या. या सर्व वस्तूंचे जग एकच होते, ते म्हणजे मुलाची पेटी आणि मुलाचे डोके. हल्लीच्या खेळण्यास मात्र दोन घरे असतात. एक आपल्या फडताळात. दुसरे दूरवरच्या कोणत्या तरी कंपनीच्या संगणकात. त्या दुसऱ्या घरात खेळणे चालते, बोलते, कपडे बदलते, इतर मुलांच्या खेळण्यांस भेटते. यालाच आभासी जग म्हणतात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या अंड्याची कथा आपल्या मुलखाशी निगडित आहे. इटलीतील फेरेरो या कंपनीने १९७४ साली चॉकलेटच्या अंड्यात खेळणे घालून विकण्यास आरंभ केला. किंडर जॉय हे त्याचे पुढील रूप. यात अंड्याचे दोन भाग असतात, एकात खाऊ व दुसऱ्यात खेळणे. या कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातील बारामती येथे २०११ सालापासून चालू आहे. २०२० साली तिने ॲप्लेडू नावाचे ॲप काढले. खेळण्यासोबतच्या कागदावरील चिन्ह मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे धरले की त्या खेळण्याचे चित्ररूप पडद्यावरील जगात अवतरते. हे चिन्ह म्हणजे काही जादू नव्हे. भाजीच्या गाड्यावर पैसे देण्यासाठी जे ठिपक्यांचे चिन्ह टांगलेले असते, त्याच जातीचे ते असते. कॅमेरा ठिपके वाचतो, त्यांचे आकडे-अक्षरांत रूपांतर होते, आणि ते पाहून ॲप हवे ते दार उघडते.

तथापि या कल्पनेचा उगम बारामतीस नव्हे, इटलीतही नव्हे. जपानमधील बंदाई कंपनीने १९९६ च्या नोव्हेंबरात तामागोची नावाचे मुठीत मावेल एवढे यंत्र विकावयास आणले. त्याच्या चिमुकल्या पडद्यावर एक प्राणी अंड्यातून बाहेर पडे. बटणे दाबून त्यास जेवू घालावे, स्वच्छ ठेवावे, झोपवावे; हयगय झाली तर तो मरे. जगभरची मुले त्याच्या काळजीने वर्गात अस्वस्थ होऊ लागली आणि अनेक शाळांनी त्यास बंदी केली. पुढे २००५ साली कॅनडातील गांझ कंपनीने वेबकिंझ काढले. येथे हातात खरोखरीचे मऊ कापसाचे कुत्रे-मांजर असे आणि त्याच्या गळ्यातील चिठ्ठीवर एक गुप्त क्रमांक. तो क्रमांक संकेतस्थळावर भरला की तेच कुत्रे तेथे 'दत्तक' मिळे. त्याची खोली सजवायची, त्यास भरवायचे, आणि त्याकरिता लागणारे खोटे पैसे खेळ खेळून मिळवायचे. गांझने एक गोष्ट शहाणपणाची केली. तिचे प्राणी मरत नसत, फक्त आजारी पडत.

तिसरा प्रकार शास्त्रदृष्ट्या अधिक गमतीचा आहे. २०११ साली निघालेल्या स्कायलँडर्स या खेळात प्लॅस्टिकची बाहुली एका चकाकत्या पाटावर ठेवली की ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जिवंत होई. बाहुलीत बॅटरी नसते, तारही नसते. मग पाटास ती ओळखू कशी येते? मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरल्यास त्यात वीज उत्पन्न होते. पाटात एक वेटोळे, बाहुलीच्या पायाखाली दुसरे. पाटातील वेटोळ्यात वीज खेळू लागली की बाहुलीतील वेटोळ्यात क्षणापुरती शक्ती येते आणि त्याला जोडलेली सूक्ष्म चकती आपली ओळख सांगून मोकळी होते. याचे भावंड आपण सर्वांनी पाहिले आहे. कोल्हापूरकडे जाताना कोगनोळीच्या टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो, त्यातही बॅटरी नसते. तेथे वेटोळ्यांऐवजी रेडिओलहरी असतात व अंतर अधिक असते, एवढाच भेद. शक्ती मात्र वाचणाऱ्या यंत्राकडूनच उसनी घेतलेली असते.

या बाहुलीची आणखी एक गोष्ट आम्हांस मनापासून आवडली. तिची प्रगती तिच्याच चकतीत साठविलेली असे. मुलाने ती उचलून मित्राच्या घरी नेली, तर तिने कमावलेले बळ तिच्याबरोबर जाई. गुप्त क्रमांकाच्या खेळण्याचे तसे नव्हे. तेथे खेळणे आपल्याकडे असते आणि त्याची सगळी कमाई कंपनीच्या वहीत लिहिलेली असते. शिवाय असा क्रमांक बहुधा एकदाच चालतो. वहीत त्यापुढे एकदा खूण झाली की तेच खेळणे दुसऱ्या मुलाच्या हाती गेल्यावर मुके होते. आपल्या घरांतून थोरल्याचा सदरा धाकट्यास येतो, वरच्या वर्गातील मुलाची पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्या वर्गातील मुलास मिळतात, पाळणा तर तीन-तीन पिढ्या फिरतो. कपाटातील कुत्रे धाकटीस देता येते. त्याचे दुसरे घर देता येत नाही. ही बाब विकत घेताना कोणी सांगत नाही, आणि मुलास ती समजते तेव्हा ते बिचारे आपलीच काही चूक झाली असे समजते.

आता थोडे गणित करू. मुलांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, एका मालिकेत १२ निरनिराळी खेळणी आहेत, सर्व सारख्याच प्रमाणात बाजारात आली आहेत, आणि पुडके फोडल्यावाचून आत काय आहे ते कळत नाही. संपूर्ण संच जमण्यास सरासरीने किती पुडकी घ्यावी लागतील? पहिले खेळणे कोणतेही निघो, ते नवेच. त्यानंतर नवे निघण्याची शक्यता बारांत अकरा, म्हणून त्यासाठी सरासरी १२ भागिले ११ पुडकी. पुढे १२ भागिले १०, मग १२ भागिले ९, असे करीत शेवटच्या एका खेळण्यासाठी १२ भागिले १, म्हणजे पूर्ण १२ पुडकी. सर्वांची बेरीज ३७ हून थोडी अधिक येते. एका पुडक्यास ४० रुपये धरल्यास सुमारे दीड हजार रुपये झाले. परंतु खरी मेख निराळीच आहे. पहिली सहा खेळणी सुमारे आठ पुडक्यांत मिळून जातात. उरलेल्या सहांना सुमारे २९ लागतात. आरंभी सगळे सोपे वाटते, मूल हुरळते, आणि 'आता थोडीच राहिली' असे म्हणू लागते, नेमका तेव्हाच खर्चाचा घाट सुरू होतो. कंपनीने एखादे खेळणे मुद्दाम दुर्मिळ ठेवले तर विचारावयासच नको. २०२५ साली ज्या लाबुबू बाहुलीचा जगभर गवगवा झाला, तिच्या मालिकेतील गुप्त बाहुली ७२ डब्यांत एक या प्रमाणात घातलेली असे.

यावर मुलांनी शोधलेला उपाय जुनाच आहे, मधल्या सुटीतील अदलाबदल. पाच मित्रांनी दुहेरी खेळणी आपापसांत बदलली तर प्रत्येकाचा खर्च पुष्कळ उतरतो. मात्र क्रमांक एकदाच चालणार असेल, तर हा उपायही लंगडा पडतो.

सावंतवाडीची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. बेळगावहून आंबोली घाट उतरून गेले की ते गाव लागते. तेथील चितार आळीत लाकडी फळे व खेळणी मिळतात. त्याच गावात गंजिफाची गोल पाने अजूनही हाताने रंगविली जातात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. पोकेमॉनची पत्ती जमविणाऱ्या आमच्या धाकट्यास आम्ही हे सांगितले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, ''मग एका पाकिटात किती निघतात?'' सगळीच्या सगळी १२० एकदम एका डब्यात मिळतात, हे ऐकून त्यास जरा निराशाच वाटली! जमविण्याची हुरहूर हाही खेळाचाच भाग असतो, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले. ती हुरहूर मुळात वाईट नाही. ती दुसऱ्याने मोजूनमापून पुडक्यात भरलेली असते, एवढेच आम्हांस खटकते.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब अवघड आहे. पडद्यावरील प्राण्यास भूक लागते ती आपल्या सवडीने नव्हे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, सलग सात दिवस आले तर मोठे बक्षीस, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, अशी योजना पुष्कळ खेळांत असते. मुलाच्या अंगची दया आणि नियमितपणा हे दोन्ही गुणच. परंतु त्या गुणांनाच येथे दोरी बांधलेली असते. सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री आमची कन्या अंथरुणातून उठून 'त्याला खायला घालायचे राहिले' म्हणून मोबाईल शोधू लागली, तेव्हा तिला रागवावे की शाबासकी द्यावी हेच आम्हांस कळेना.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या जगांतून मुले काही मिळवितातही. खोटे पैसे साठवून महागडी वस्तू घेण्यासाठी थांबणे आमची कन्या तेथेच शिकली. घरात मराठी, बाजारात कन्नड अशा आमच्या या सीमाभागात तिचे इंग्रजी वाचन पाठ्यपुस्तकापेक्षा त्या पडद्यावर अधिक झाले. आणि अमेरिकेत वाढणारी तिची मावसबहीण, जिची दोन-तीन वर्षांतून एकदा भेट होते, ती दर रविवारी तिला त्या कल्पित बागेत भेटते. दोघींच्या प्राण्यांची नावे मराठी आहेत. हे पाहून आम्ही बंदीचा विचार सोडून दिला.

परंतु ती बाग कोणाच्या मालकीची? कॅनडातच २००५ साली सुरू झालेले क्लब पेंग्विन डिस्नेने २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरांस विकत घेतले. त्या बर्फाळ जगाच्या बाहुल्या निघाल्या, बाहुल्यांबरोबर क्रमांक आले, आणि मार्च २०१७ अखेर ते जग बंद करण्यात आले. कोट्यवधी मुलांनी सजविलेली बर्फाची घरे एका रात्रीत नाहीशी झाली. आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने इतर अनेक ॲपांबरोबर पब्जी मोबाईलवर बंदी घातली, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. त्या निर्णयांमागील कारणे राष्ट्रीय सुरक्षिततेची होती आणि त्यांची चर्चा येथे करावयाची नाही. आम्हांस दाखवावयाचे ते इतकेच की, पडद्यावरील वस्तूसाठी पैसे मोजले म्हणून ती आपली होत नाही. ती आपणांस वापरू दिलेली असते. घर बंद करणारा कधी कंपनीवाला असतो, कधी सरकार.

आणि कधी बापही असतो. गेल्या पावसाळ्यात आमचा मोबाईल वारंवार अडखळू लागला, म्हणून आम्ही तो दुरुस्तीस दिला. दुकानदाराने विचारले, ''सगळे पुसून नव्याने घालू का?'' आम्ही बेधडक 'हो' म्हटले. छायाचित्रे आम्ही आधी उतरून ठेवली होती. धाकट्याचा खेळ ध्यानातही आला नाही. त्याचे खाते कोणत्याही नावावर नोंदविलेले नव्हते, पाहुणा म्हणून उघडलेले होते. त्यामुळे आठ महिने वाढविलेला प्राणी, त्याचे घर, त्याचे बेचाळीस सोबती असे सारे गेले. मुलगा रडू लागला. आम्ही म्हणालो, ''एवढे काय त्यात? सगळे खोटेच तर होते.'' तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ''बाबा, मागच्या दिवाळीत माझा किल्ला पावसानं वाहून गेला, तेव्हा तुम्ही किती हळहळला होता! तो तरी कुठं खरा होता हो?''

आम्हांजवळ उत्तर नव्हते. बेळगाव-निपाणीकडे दिवाळीत घरोघर अंगणात किल्ले उभे राहतात. दगडविटांवर गोणपाट, त्यावर तांबड्या मातीचा गिलावा, उतारावर पेरलेली मोहरी, गुहेत वाघ, आणि सिंहासनावर महाराज. मावळे मातीचे. ते दरवर्षी दोन-चार नवे आणायचे, तुटलेले मागच्या दारी उभे करायचे, उरलेले वर्षभर खोक्यात जपायचे. विचार करू लागलो तसे दिसू लागले की, किल्ला हेही जमविलेल्या बाहुल्यांचे कल्पित जगच आहे. तेही टिकत नाही. दिवाळी संपली की पोरे स्वतःच्याच पायांनी ते मोडतात. फरक आहे तो दुसऱ्या ठिकाणी. दरवाजा कोठे ठेवावा, कोणता मावळा कोणत्या बुरुजावर, किल्ला केव्हा मोडावा, हे सारे पोरे ठरवितात. पावसाने नेला तर तो पुन्हा कसा बांधावा हे त्यांस ठाऊक असते. पडद्यावरील घर पुन्हा कसे उभारावे, हे आमच्या मुलास ठाऊक नव्हते आणि आम्हांसही नव्हते. त्याचे रडे त्या अगतिकतेचे होते. आम्ही त्यास हट्ट समजलो.

त्यानंतर आमच्या घरी काही गोष्टी बदलल्या. खेळ सुरू करण्यापूर्वी खाते कोणाच्या नावावर आहे हे आम्ही दोघे मिळून पाहतो. पासवर्ड एका वहीत लिहून ठेवतो आणि दोन खेळांना एकच पासवर्ड देत नाही. यास कारण आहे. २०२० साली वेबकिंझची सुमारे २ कोटी ३० लाख खात्यांची नावे व सांकेतिक रूपातील पासवर्ड चोरीस जाऊन उघड झाले होते. खरे नाव, शाळेचे नाव व छायाचित्र खेळात द्यावयाचे नाही. विकत घेण्याच्या बटणास आमच्या हाताची कुलपे लावली आहेत. कायदाही हळूहळू मुलांच्या बाजूस येत आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली, मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यासही मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात आणण्यास दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. पण संमतीच्या चौकटीत खूण करणारा पालक आत काय आहे ते पाहतच नसेल, तर कायदा तरी काय करणार? आम्ही आता आठवड्यातून एकदा मुलांशेजारी बसून त्यांचे ते जग त्यांच्याच तोंडून समजून घेतो. आमचा प्राणी दर वेळी उपाशी निघतो आणि घरभर हशा होतो.

दिवाळीत धाकट्याने यंदा येळ्ळूरचा राजहंसगड करावयाचे ठरविले. गड प्रत्यक्ष पाहून येऊ या, असा त्याचा आग्रह पडला. आम्ही एका रविवारी तेथे गेलो. त्याने पावलांनी अंतरे मोजून कागदावर नकाशा काढला. किल्ला तयार झाल्यावर पाहतो तो प्रवेशद्वारी मातीचे मावळे रीतसर उभे होते, पण तटावर भलतीच मंडळी! अंड्यांतून निघालेले एक निळे माकड, दोन मोटारी, आणि जुने झालेले, पडद्यावर आता कोठेच राहत नसलेले एक पिवळे पाखरू. ''हे कोण रे?'' आम्ही विचारले. ''पहारेकरी,'' तो म्हणाला, आणि आमच्या हातात पाण्याची झारी देऊन मोहरीवर पाणी शिंपडावयास सांगितले.